तात्यांच्या बंगल्याची घरपट्टी

टेपचं एक टोक इस्माईलच्या हातात होतं, दुसरं माझ्या. मधे माणिकतात्यांचा बंगला.

"भाऊसाहेब, टेप संपला," इस्माईल पलीकडच्या कोपऱ्यातून ओरडला. "घर अजून हाय."

इस्माईल आमच्या ग्रामपंचायतीचा पाणीवाला. पंप सुरू करायचा, व्हॉल्व्ह फिरवायचे, हे त्याचं काम. पण थकबाकीपोटी वीजवाल्यांनी पंपाचं कनेक्शन तोडल्यापासून तो रिकामाच होता, म्हणून मी त्याला टेप धरायला घेतलं होतं. मी त्या गावचा ग्रामसेवक. गाव लोहारा तालुक्यातलं, भूकंपात पडलेलं आणि नव्या जागी वसवलेलं. नाव सांगत नाही, सांगून कुणाचं भलं होणार नाही.

तात्या खुर्ची टाकून बसले होते, पण बंगल्याच्या व्हरांड्यात नाही, आवारातल्या पत्र्याच्या खोलीपुढं. भूकंपानंतर पक्की घरं मिळेपर्यंत लोकांना पत्र्याची शेडं दिली होती, त्यातलंच ते एक. बाकीच्यांनी आपापली शेडं मोडून पत्रे गोठ्यावर टाकले. तात्यांनी आपलं तसंच ठेवलं होतं. आत एक बाज, एक पंखा, देवाचा फोटो आणि बोअरच्या मोटारीचा स्टार्टर.

"मोजा की," तात्या म्हणाले. "पण ही खोली मोजा. म्या हितं झोपतो. त्यो बंगला पोरांचा हाय, आन् पोरं पुण्यात."

"वर किती खोल्या आहेत, तात्या?"

"म्या मोजल्या न्हाईत. बांधून झाल्यापसनं दोन-तीनदा वर गेलो आसंन. स्लॅबखाली डोळाच लागत न्हाय मला."

भूकंपात त्यांचे आई-वडील आणि धाकटी मुलगी गेली. दोन्ही मुलगे आजोळी होते म्हणून वाचले. बायको पुढं बऱ्याच वर्षांनी आजारानं गेली. पट्टी इमारतीवर लागते, झोपेवर लागत नाही, असं एक वाक्य माझ्या तोंडात आलं होतं. ते गिळलं आणि इस्माईलला टेप पुढं सरकवायला सांगितलं.

घरपट्टीचं गणित तसं साधं आहे. घर केवढं, मातीचं की विटांचं की आरसीसीचं, किती जुनं, आणि राहायला वापरता की धंद्याला, यावरून त्याची किंमत काढायची. तिला आमच्याकडं भांडवली मूल्य म्हणतात. त्या किमतीवर ठरलेल्या दरानं पट्टी. मोठं पक्कं घर असेल तर जास्त, एक खोली असेल तर कमी. ही मोजणी दर चार वर्षांनी नव्यानं करायची, ती फेरआकारणी. हे झालं कागदावरचं. पुष्कळ ठिकाणी जुनीच यादी नव्या शाईनं उतरवून काढतात.

आमच्या गावाची गोष्ट आणखी वेगळी होती. नवं गाव वसलं तेव्हा पहिल्याच ग्रामसभेत ठराव झाला होता की सगळ्यांना एकच पट्टी. गेलं ते सगळ्यांचंच गेलं, मग पट्टी वेगवेगळी कशाला? तो ठराव मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला गलबलून आलं होतं. त्या दिवशी त्याहून न्याय्य काही सुचलं नसतं कुणाला. पण नंतर कुणी बंगला बांधला, कुणी रस्त्यावर सोयाबीनचं गोडाऊन टाकलं, कुणी मंगल कार्यालय काढलं. आणि तात्यांच्या समोर राहणारी गंगाबाई मात्र अजून त्याच सरकारी खोलीत, दाराला साडीचा पडदा लावून. पट्टी दोघांची एकच. माझ्या आधीच्या ग्रामसेवकांनी त्या ठरावाला हात लावला नाही. शहाणे होते.

मला हात लावावा लागला, कारण पंप बंद पडला. गावाची विहीर तलावाच्या बांधाखाली, पाण्याला तोटा नाही. पण बिल भरायला ग्रामपंचायतीकडं पैसा नव्हता. सरकारचा निधी येतो तो ज्या त्या कामाला बांधलेला असतो. स्वतःचं उत्पन्न म्हणजे घरपट्टी आणि पाणीपट्टी, आणि तेवढ्यात आमची स्टेशनरी निघायची. तालुक्याच्या मीटिंगला बीडीओ साहेबांनी मला उभं केलं.

"गावाला नळ आहेत आणि पाणी नाही. का?"

"साहेब, बिल थकलंय. पट्टी कमी येते."

"का कमी येते?"

"सगळ्यांना एकच पट्टी आहे. भूकंपानंतरचा ठराव."

"भूकंपात सगळं गाव हललं, तुमची पट्टी तेवढी हलली नाही?"

मीटिंग हसली. मीही हसलो, दुसरं काय करणार? "मोजणी करा," साहेब म्हणाले. "उन्हाळ्याच्या आत गावाचं पाणी सुरू झालं पाहिजे. मला रिपोर्ट नको, पाणी दाखवा."

तोवर गाव पीत होतं ते तात्यांचं पाणी. त्यांनी गेटाच्या बाहेर एक नळ काढून दिला होता, खाली सिमेंटचा ओटा. कनेक्शन तुटल्यापासून रोज भल्या पहाटे तात्या पत्र्याच्या खोलीतून मोटार सुरू करायचे आणि उन्हं वर येईपर्यंत अख्खं गाव तिथं. एक पैसा घ्यायचे नाहीत. गेटाला खुर्ची टाकून बसायचे आणि प्रत्येकीला काहीतरी विचारायचे. लेकीला स्थळ आलं का, म्हशीनं दूध वाढवलं का, नवऱ्याचा गुडघा कसा आहे. मीही तिथूनच कॅन भरून न्यायचो. माझी बायको सोलापुरात शाळेत शिक्षिका, मुलगी बारावीला, दोघी तिथंच. आई तुळजापुरातल्या घरी. मी एकटा ऑफिसच्या मागच्या खोलीत राहायचो. सकाळी तात्या मला विचारायचे, "भाऊसाहेब, काय खाल्लं राती?" तो प्रश्न मला दिवसभरात दुसरं कुणी विचारत नसे.

आणि याच माणसाच्या घराला मी टेप लावला होता.

मोजणी झाली. यादी ऑफिसबाहेर लावली. ज्यांची पट्टी वाढली ती घरं वीस-बावीस असतील. बाकी बहुतेकांची कमी झाली किंवा तेवढीच राहिली. तुम्हाला वाटेल, बहुतेकांची कमी झाली म्हणजे गाव माझ्या बाजूनं. मलाही तसंच वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी चहाच्या हॉटेलात गेलो तर बाकड्यावर बसलेले चौघं उठून गेले. हॉटेलवाल्यानं कप ठेवला, पण नेहमीसारखा गप्पा मारायला थांबला नाही.

सरपंच शालनबाईंना मी विचारलं. बाई चाळिशीच्या, बचत गटातून वर आलेल्या, बोलायला फटकळ.

"तुमीच सांगा भाऊसाहेब," त्या म्हणाल्या. "मी रोज त्येंच्या नळावर घागर भरती. आन् इथं खुर्चीवर बसून त्येंच्यावर पट्टी वाढवू? गावानं काय म्हणावं? ज्याचं पाणी पितो त्याच्यावरच उलटलो म्हणून?"

"पण ताई, पंप सुरू झाला तर त्यांच्या नळावर जावंच लागणार नाही."

"त्ये खरं हाय," शालनबाई म्हणाल्या. "पर आज तर जावं लागतंय ना."

त्या दिवसापासून मी तात्यांच्या नळावर जाणं सोडलं. त्यांनी नको म्हटलं नव्हतं. मलाच तोंड दाखवायला कसंतरी व्हायचं. मोटारसायकलला कॅन बांधून शेजारच्या गावातून पाणी आणायचो. खोलीवर आलो की टीव्ही मोठ्यानं लावायचा, बायकोला फोन करायचा, ती म्हणायची पेपर तपासतेय नंतर बोलू, की मग डबा उघडायचा. एकटेपण मला नवं नव्हतं, नोकरीतली निम्मी वर्षं तशीच गेली. पण गावानं टाकल्यावरचं एकटेपण वेगळं असतं. त्यात माणूस आपलं काय चुकलं ते शोधत बसतो. माझं काही चुकलेलं सापडत नव्हतं, आणि त्यानं जास्तच चिडचिड व्हायची.

यादी लावली की लोकांना हरकत घ्यायला मुदत असते. मग सुनावणी होते. वाढीव पट्टीवाल्यांपैकी लेखी हरकत एकट्या तात्यांची आली. बाकीचे हुशार. "तात्यांनी भरली तर आमी भरू," असं सांगून मोकळे झाले. म्हणजे सगळं एका माणसावर येऊन थांबलं.

सुनावणीला तात्या धुवट धोतर नेसून, टोपी घालून आले. मागं गाव उभं. मी नियम वाचून दाखवला. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतला.

"झालं?" ते म्हणाले. "आता माझं ऐका. ठराव झाला तवा म्या त्या सभेत होतो. जमीन लई आसलेला आन् काईच नसलेला, दोगं एका रांगेत बसून खिचडी खात होतो आमी. त्याची आठवण म्हणून एकच पट्टी. त्ये तुमी मोडायलात."

"तात्या, तेव्हा सगळे सारखे होते. आता तुमचा बंगला आहे आणि गंगाबाईची एक खोली आहे. दोघांना एकच पट्टी, हे सारखं कसं?"

"गंगाबाईची पट्टी कोण भरतं? विचारा तिला."

गंगाबाई मागं दाराशी उभी होती. पदर सावरत म्हणाली, "तात्याच भरत्यात. दरसाल."

हे मला माहीत नव्हतं. पावती गंगाबाईच्या नावानं फाटते, पैसे कुणाच्या खिशातून आले ते आम्ही विचारत नाही.

"आणखी पाच-सहा जणींची भरतो," तात्या म्हणाले. "शाळेला टाकी दिली. स्मशानात शेड बांधलं. पाणी देतो त्ये तर रोजचं हाय. तुमी जेवढी पट्टी लावलीय त्येच्या दुप्पट म्या गावाला देतो, भाऊसाहेब. आजून लागलं तर या, मागा. मागून घ्या. पर लावून घेऊ नका."

लोक माना हलवू लागले. खरंच सांगतो, त्या क्षणी मला तात्यांचंच पटलं. देणारा मनानं देतोय, मग त्याच्या मानगुटीवर नियम कशाला बसवायचा? तेवढ्यात शालनबाई बोलल्या, आवाज एकदम खाली आणून.

"तात्या, राग धरू नका. तुमच्या माघारी कोण देणार?"

तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "म्या आजून हाय ना," ते म्हणाले आणि उठले. निर्णय राखून ठेवला, असं मी लिहिलं. ऑफिसात ज्याला काही सुचत नाही तो असंच लिहितो.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तात्यांचा धाकटा मुलगा गाडी घेऊन आला. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं. तात्या कुठं गेले की किल्ली समोर गंगाबाईकडं ठेवायचे, ती मोटार सुरू करायची. या वेळी पोरगं घाईला आलेलं, गाडीचं इंजिनही बंद केलं नाही म्हणतात. तात्यांनी सवयीनं पत्र्याच्या खोलीला कुलूप घातलं, गेटाला कुलूप घातलं आणि दोन्ही किल्ल्या बंडीच्या खिशात टाकून पुण्याला गेले.

सकाळी बायका घागरी घेऊन आल्या. नळ कोरडा.

शालनबाईंनी माझ्यासमोरच फोन लावला, स्पीकरवर.

"आगं माझ्या माय!" तात्या पलीकडून म्हणाले. "किल्ली हितंच हाय की माझ्यापाशी. डॉक्टर आणखी थांबा म्हणायला. एक काम करा, कुलूप तोडा."

"बरं, तात्या."

"गेटाचं बी तोडा, खोलीचं बी. त्यात काय!"

फोन बंद झाला. गेटापुढं गाव जमलेलं. मी म्हटलं, आता कुणीतरी दगड उचलेल. कुणी उचलेना. शालनबाईंनी एकदोघांची नावं घेतली, ते पायाकडं बघू लागले. इस्माईल म्हणाला, "मी भिंतीवरून उडी मारतो."

"आन् खोलीचं कुलूप?" शालनबाईंनी विचारलं.

"त्ये मी न्हाय तोडनार, ताई. त्येंची झोपायची खोली हाय. आत त्येंची बाज हाय."

"त्यांनीच सांगितलंय ना," मी म्हटलं.

"मग तुमी तोडा, भाऊसाहेब."

मी पुढं झालो, गेटाचं कुलूप हातात घेतलं. मागं वळून पाहिलं तर सगळे माझ्याकडं बघत होते. आधीच त्या घराला टेप लावलेला माणूस मी. कुलूप सोडून दिलं. उन्हाळा तोंडावर आलेला आणि बायका घागरी घेऊन शिवारातल्या विहिरींकडं चालू लागल्या. गंगाबाईला चालवेना, ती घागर पालथी घालून ओट्यावरच बसून राहिली. इस्माईलनं तिला आपल्या घरातली अर्धी कळशी आणून दिली.

दुपारी मी आणि इस्माईल ग्रामपंचायतीच्या विहिरीवर गेलो. कुणाचा जनरेटर भाड्यानं मिळाला तर तात्पुरता पंप चालेल का, ते बघायचं होतं. पंपघराला कुलूप. वापर नसल्यानं किल्ली कुठं गेली इस्माईलला आठवेना. त्यानं खिसे चाचपले आणि बाजूचा दगड उचलून दोन घावांत कुलूप तोडलं.

"अरे, विचारायचं तरी!"

"कुणाला?" इस्माईल म्हणाला. त्याला खरंच कळलं नव्हतं. "आपलंच हाय की, भाऊसाहेब."

मी त्या तुटलेल्या कुलपाकडं बघत राहिलो. सुनावणीत तात्यांना जे उत्तर द्यायला हवं होतं, ते मला तिथं सापडलं. मागून मिळालेलं पाणी कितीही गोड असलं तरी त्याचं दार दुसऱ्याचं असतं. जनरेटर काही मिळाला नाही. ते चार-पाच दिवस गावाचे फार वाईट गेले.

तात्या काळा चष्मा लावून परत आले. गाडीतून उतरले ते थेट गेटापाशी. कुलूप हाताळून पाहिलं, तसंच होतं. खाली ओटा वाळून पांढरा पडला होता. ते घरात गेलेच नाहीत, पोराला तिथंच सोडून चालत ऑफिसात आले. मी आणि शालनबाई समोरासमोर बसलो होतो.

"शालन, कुलूप तोडा म्हणलो हुतो म्या."

"व्हय, तात्या."

"मग?"

"तुमच्या दाराचं कुलूप कसं तोडावं, तात्या?"

"आगं, रोज पाणी नेतायसा ना त्या दारातनं! परकं हाय का त्ये दार?"

शालनबाईंनी मान खाली घातली. "परकं न्हाय, तात्या. तुमचं हाय."

तात्या बाकावर बसले. चष्म्यामुळं त्यांचे डोळे दिसत नव्हते. मी इस्माईलच्या दगडाचं सांगणार होतो, पण नाही सांगितलं. गरजच नव्हती.

"गंगा कुठनं आणायची पाणी?" त्यांनी विचारलं.

"इस्माईलच्या घरातनं. आर्धी कळशी."

"हां." मग माझ्याकडं तोंड करून म्हणाले, "पट्टी किती लावलीय म्हणलात, भाऊसाहेब?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की इतक्या दिवसांत त्यांनी हा आकडा एकदाही विचारला नव्हता. मी सांगितला. त्यांनी भुवईसुद्धा उचलली नाही. पोराला फोन करून पैसे मागवले, हरकत मागं घेतल्याची सही केली. शालनबाई बाहेर जाऊन डोळे पुसून आल्या आणि मग ती बातमी गावात सांगायला गेल्या.

मी पावती फाडत होतो. खोलीत आम्ही दोघंच. तात्या खिडकीबाहेर बघत म्हणाले, "माझी हरकत पट्टीला नव्हती, भाऊसाहेब."

"मग?"

"पाटंला पयली घागर वाजती नळाखाली. ती वाजली की म्या उठतो. उठायला काईतरी लागतंय ना माणसाला. आता पंप सुरू हुईल. घरोघर पाणी यील. चांगलंच हाय. यायलाच पायजे." त्यांनी चष्मा सारखा केला. "पर माझ्या दारात कोण यील?"

मी पावतीवर शिक्का मारला. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मला एवढं लाजल्यासारखं कधी झालं नाही, आणि त्याचं कारणही सांगता येत नव्हतं. मी त्यांचं काही हिसकावलं नव्हतं. नियमानं जे घ्यायचं तेच घेतलं होतं. पण रात्री डबा उघडताना मी टीव्ही लावला नाही. तात्या आता पत्र्याखाली काय करत असतील, याचाच विचार येत राहिला.

पुढचं सगळं भराभर झालं. तात्यांनी भरली म्हटल्यावर गोडाऊनवाल्यानं भरली, मंगल कार्यालयवाल्यानं कुरकुरत भरली. बिलाचा मोठा हप्ता गेला आणि कनेक्शन जोडून मिळालं. इस्माईलनं पंपाला नारळ फोडला. एक दिवसाआड का होईना, घरोघर नळाला पाणी आलं. बीडीओ साहेब येऊन ओंजळभर पिऊन गेले. हॉटेलवाला पुन्हा माझ्याशी बोलू लागला. गंगाबाईनं दारातल्या नळाला हळदकुंकू लावलं.

लोक मला विचारतात, ज्याच्याकडं जास्त आहे त्याच्याकडून जास्त घेणं बरोबर आहे का, आणि घेऊन काही फरक पडतो का. मी अर्थशास्त्र शिकलेलो नाही. माझ्या गावात फरक पडला, पाणी आलं. आणि बरोबर होतं असंही मी म्हणतो. तीच मोजणी परत करायला सांगितली तर तेवढीच पट्टी लावीन, तात्यांना एक फूटही सोडणार नाही.

तात्यांचं गेट मात्र पहाटे उघडं दिसायचं. खुर्ची असायची. बायका रस्त्यानं जाताना "काय तात्या, बरं हाय का" म्हणायच्या आणि पुढं जायच्या. हातात घागर नसली की थांबायला कारण नसतं. वाईट कुणीच वागत नव्हतं. मी एकदोनदा कॅन घेऊन गेलो.

"तुमच्या खोलीत नळ आला न्हाय का?" तात्यांनी विचारलं.

"आलाय. पण तुमच्या पाण्याला चव आहे."

"खोटं बोलायला आजून शिकला न्हाईत, भाऊसाहेब," ते म्हणाले आणि कॅन भरून दिला. त्यानंतर मला परत जायला धीर झाला नाही.

पुढच्या वर्षी एप्रिल उजाडला आणि तात्या ऑफिसात हजर. धुवट धोतर, टोपी. खिशातून थोडे पैसे काढून टेबलावर ठेवले.

"हे काय, तात्या?"

"पट्टी. एका म्हयन्याची."

"महिन्याची नसते तात्या, वर्षाची असते. आणि आत्ता एकदम भरलीत तर सूट मिळते तुम्हाला."

"सूट नको. हप्त्यानं घेता का न्हाय?"

तसा हप्ता घ्यायला मनाई नाही. फार गरीब घरांकडून आम्ही तसं घेतोच. गावातल्या सगळ्यात श्रीमंत माणसाकडून कुणी हप्त्यानं पट्टी घेतल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं. मी पावतीपुस्तक पुढं ओढलं, तर ते म्हणाले, "घाई न्हाय. तुमचं चालू द्या." आणि बाकावर बसले. उताऱ्याला आलेल्या एका पोराला त्यांनी कुणाचा तू म्हणून विचारलं. लसीकरणाच्या दिवशी लेकरं घेऊन आलेल्या बायकांशी बोलले. शालनबाईंशी गटारीवरून वाद घातला. इस्माईलनं त्यांना चहा आणला. दुपार झाली तेव्हा म्हणाले, "फाडा आता पावती, येतो म्या." दर महिन्याला तसंच. कधी कधी हप्ता महिन्यातून दोनदा व्हायचा.

त्या दिवशी माझाही डबा ऑफिसातच उघडायचा. तात्या डोकावून बघायचे आणि विचारायचे, काय खाल्लं राती?

मग माझी बदली झाली, भूम तालुक्यात, ईटच्या बाजूला. इथंही खोली ऑफिसच्या मागंच मिळाली. निघताना नव्या ग्रामसेवकाला चार्ज दिला. पोरगा नवा होता, हुशार, सगळं कॉम्प्युटरवर करणारा. दप्तर मोजून दिलं, शिक्के दिले, बँकेची पासबुकं दिली. थकबाकीदार कोण, नडणारे कोण, सगळं सांगितलं.

"आणि माणिकतात्या म्हणून आहेत," मी म्हटलं. "बंगलेवाले. ते हप्त्यानं भरतात."

"का? ऐपत नाही का?"

"आहे."

"मग त्यांना ऑनलाइन शिकवतो, सर. दोन मिनिटांत होईल. यायलाच नको."

"नको," मी म्हणालो. "ते आले की आधी चहा सांगायचा. पावती ते म्हणतील तेव्हा फाडायची."